सोसायटी, शाळा आणि ज्येष्ठ नागरिक संघ: नाटक कसं निवडायचं?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डोंबिवलीच्या तुमच्या सोसायटीत यंदा गणपतीत नाटक करायचं ठरलंय. हातात दहा आठवडे आहेत. नावं आली आहेत नऊ बायका, चार पुरुष आणि सहा मुलांची, आणि बायकांमधल्या दोघी पंचाहत्तरी ओलांडलेल्या. तुम्ही शाळेत शिकवता, त्यामुळे डिसेंबरच्या स्नेहसंमेलनाचं नाटकही तुमच्याच गळ्यात पडलंय. वर ज्येष्ठ नागरिक संघाची मंडळी ‘आमचंही काहीतरी बसवा’ म्हणून मागे लागली आहेत. एवढं सांगून तुम्ही म्हणता, ‘एखादं हलकंफुलकं नाटक सुचवा.’

नाव सुचवायला मला दोन मिनिटंही लागणार नाहीत, पण ते तिसऱ्या आठवड्यात बंद पडेल. हौशी नाटकं बहुतेक वेळा संहितेपायी अडत नाहीत, तालमीला माणसं जमत नाहीत म्हणून अडतात. त्यामुळे संहिता हातात घेतली की मी आधी एवढंच बघते, की या नाटकाची तालीम या लोकांना घेऊन होण्यासारखी आहे का. प्रयोगाचं मग बघू.

आधी वेळेचं बोलू. मंडप उघडा आहे, म्हणजे रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. बारापर्यंतची सवलत वर्षातल्या ठरावीक दिवसांनाच मिळते, आणि तुमचा प्रयोग नेमका त्याच दिवशी असेल असं नाही. संध्याकाळची आरती, प्रसाद, बक्षीस समारंभ, पाहुण्यांचे ‘दोन शब्द’ हे सगळं आवरून पडदा वर जायला साडेआठ वाजणार. याचा अर्थ तुमच्याकडे एक तास आहे, फार तर सव्वा. दोन अंकी नाटक डोक्यातून काढून टाका. संहिता मोठ्याने, सावकाश, हशाला जागा सोडून वाचा आणि शेजारी घड्याळ ठेवा. वाचायला पाऊण तास लागला तर प्रयोगाला तास लागतो.

तासाभराच्या म्हणून कॉलेजच्या स्पर्धांमधल्या एकांकिकांकडे लक्ष जाईल. पुण्यात १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक चालू आहे, तिथून आणि अशा इतर स्पर्धांमधून तासाभराच्या पुष्कळ संहिता निघतात. लांबी तुमच्या सोयीची, पण बाकी सगळं वीस वर्षांच्या मुलांना बेतलेलं असतं. महिनाभर रोज रात्री तालीम करू शकणारी, उड्या मारणारी, काळोखात अचूक जागा घेणारी ती पोरं. तुमच्याकडची माणसं ऑफिस, डबा, मुलांचे क्लास सांभाळून येणार. अशी संहिता घ्यायची झाली तर प्रकाशयोजना आणि समूहाच्या हालचाली वजा करून काय उरतं ते बघा. बरेचदा फारसं उरत नाही.

आता तक्ता. हे काम कंटाळवाणं आहे, पण यात निम्मा निर्णय होऊन जातो. मोठ्या चौकटीच्या कागदावर डावीकडे पात्रांची नावं खाली-खाली लिहा. वरच्या बाजूला नाटकाचे तुकडे. तुकडा म्हणजे लेखकाने पाडलेला प्रवेश नव्हे. रंगमंचावर कुणी आलं किंवा गेलं की नवा तुकडा सुरू. तासाभराच्या एकांकिकेत असे वीस-बावीस तुकडे सहज पडतात. ज्या तुकड्यात जे पात्र आहे तिथे फुली मारा. ते गप्प बसून पेपर वाचत असलं तरी फुली मारायची, कारण त्यालाही तालमीला यावंच लागतं.

आता फुल्या बघा. एखाद्या पात्राच्या फुल्या पहिल्या रकान्यापासून शेवटच्या रकान्यापर्यंत अखंड धावत असतील, तर ते पात्र कुणाला द्यायचं? तुमच्या यादीत नक्कीच कुणीतरी असेल, जो सव्वानऊच्या आत घरी पोहोचत नाही आणि मेगाब्लॉकच्या रविवारीच काय तो मोकळा असतो. त्याच्या फुल्या चार-पाच सलग रकान्यांत बसायला हव्यात, म्हणजे त्याच्याविना बाकीचे तुकडे पुढे नेता येतात. ज्या संहितेत बाराच्या बारा पात्रं सतत रंगमंचावर असतात, ती वाचायला कितीही सुंदर असो, तिच्या बारा जणांच्या तालमी प्रत्यक्षात दोन किंवा तीनच होतात. आठवड्याला तीन या हिशेबाने दहा आठवड्यांत तीस तालमी दिसतात. पाऊस, श्रावणातले सणवार, मुलांच्या चाचण्या आणि कुणाच्या तरी सासऱ्यांचं ऑपरेशन जमेला धरलं तर वीस पदरात पडल्या तरी पुष्कळ. त्या विसांत हा तक्ता बसतो का, एवढंच तपासायचं.

घाईत लोक हमखास फार्स निवडतात. ‘झोपी गेलेला जागा झाला’ किंवा तसलं काहीतरी. ‘हलकंफुलकं’ म्हणतात तेच हे, आणि बसवायला याहून अवघड प्रकार नाही. फार्सचा हशा दाराच्या वेळेवर असतो. एक जण या दाराने गेला, दुसरा त्या दाराने आला, मध्ये अर्ध्या सेकंदाची फट. मंडपातल्या स्टेजला दार नसतं, विंग म्हणजे डेकोरेटरचा कापडी पडदा, आणि मागे जायची वाट जनरेटरच्या अंगावरून. ‘मोरूची मावशी’चंही तेच. आख्खं नाटक एका नटावर उभं आहे. तो नट तुमच्याकडे असेल तर मला विचारायचीही गरज नाही, आणि नसेल तर त्या वाटेला जाऊच नका.

बायका जास्त, पुरुष कमी ही अडचण केवळ तुमचीच नाही. गावोगावच्या हौशी मंडळांचं आज हेच चित्र आहे. बालगंधर्वांच्या काळी पुरुष लुगडी नेसत होते, आता बायकांनी धोतर नेसायची पाळी आली आहे. त्यातही गंमत आहे, पण ती गंमत नाटकाला मानवायला हवी. त्यापेक्षा सोपं म्हणजे पात्रच बदलणं. काकाची आत्या होते, डॉक्टर, वकील, घरमालक हे बाई असले तरी कथेचं काही बिघडत नाही. मात्र लेखकाचे हक्क चालू असतील तर एवढ्या बदलालाही त्याची परवानगी लागते. संहितेची मोडतोड झाली म्हणून हरकत घ्यायचा लेखकाचा हक्क प्रयोगाच्या हक्काहून वेगळा असतो.

तर तुमच्यासाठी माझं उत्तर: गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संशयकल्लोळ’, तासाभराचं करून. दचकू नका. गाणी कोण म्हणणार हा तुमचा पहिला प्रश्न असेल. हे नाटक देवलांनी आधी गद्यच लिहिलं होतं, ‘तसबिरीचा घोटाळा’ म्हणून. मूळ कल्पना मोलियरची, ती एका इंग्रजी नाटकातून त्यांच्यापर्यंत आलेली. पदं घालून संगीत ‘संशयकल्लोळ’ झालं ते १९१६ मध्ये. म्हणजे पदं काढली तर नाटक पांगळं होत नाही. सोसायटीत कुणाचा गळा बरा असेल तर दोन ठेवा. तीन नको, नाहीतर हार्मोनियमवाल्याच्या तारखांवर तुमच्या तालमी ठरतील.

तक्त्याच्या दृष्टीने हे नाटक सोन्यासारखं आहे. फाल्गुनरावाला बायकोचा संशय, कृत्तिकेला नवऱ्याचा, अश्विनशेठला रेवतीचा, रेवतीला त्याचा. बहुतेक प्रसंग दोघा-तिघांचे. आज फाल्गुनराव नाही? मग अश्विनशेठ आणि रेवतीचं घ्या. फाल्गुनराव, अश्विनशेठ आणि नोकर भादव्या यांत तीन पुरुष लागले, चौथा किरकोळ कामांना. कृत्तिका आणि रेवती या दोन्ही भूमिका भरघोस आहेत, आणि मोलकरणी, शेजारणी तुम्ही वाढवू शकता. रेवती नायकिणीची मुलगी आहे म्हणून समितीतलं कुणीतरी नाक मुरडेल. त्यांना पहिल्या वाचनाला बोलवा. घोटाळा कसा रंगतो ते ऐकलं की ती शंका सहसा विरते. विरली नाही तर नाटक बदला, रेवती बदलू नका.

दोन आजींना सूत्रधार करा. जुन्या संगीत नाटकाला नांदी आणि सूत्रधार असतोच. इथे ओट्यावर बसलेल्या दोन म्हाताऱ्या ‘या घरात काय चाललंय’ ते आपसात बोलतात, मध्ये-मध्ये प्रेक्षकांशीही बोलतात. एकीच्या मांडीवर पोथी द्या. त्या पोथीत त्यांचे सगळे संवाद मोठ्या अक्षरात चिकटवलेले असतील. विसरल्या तर पान उलटायचं, प्रेक्षकांना ते पोथी वाचणंच वाटतं. पात्रांची नावं महिन्यांची आणि नक्षत्रांची आहेत, तेव्हा सहा मुलांच्या गळ्यात एकेक महिना किंवा नक्षत्राची पाटी अडकवा आणि नांदीला उभी करा. नंतर सामान हलवायला तीच. मुलांना काम आहे म्हटलं की आई-वडीलही तालमीला वेळेवर येतात.

हा सगळा कापाकापीचा उद्योग बिनधास्त करता येतो, कारण देवल १९१६ मध्ये गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क चालतात. किर्लोस्कर, देवल, गडकरी, खाडिलकर हे केव्हाच मोकळे झाले. मामा वरेरकर १९६४ मध्ये गेले, म्हणजे त्यांची नाटकं २०२५ पासून खुली झाली आहेत, आणि हे अजून बऱ्याच मंडळांच्या लक्षात आलेलं नाही. अत्रे १९६९ मध्ये गेले, तेव्हा त्यांचे हक्क २०२९ अखेरपर्यंत. पु. ल., तेंडुलकर, शिरवाडकर, मतकरी यांना अजून पुष्कळ वर्षं आहेत. एक काळजी घ्या: कुणी अलीकडे केलेली संपादित रंगावृत्ती वापरू नका, तिच्यावर त्या संपादकाचा हक्क असू शकतो. मूळ पुस्तकावरून स्वतः कापा.

हक्क चालू असलेलं नाटक घ्यायचं असेल तर कायद्यात हौशी मंडळांना थोडी जागा आहे. स्वामित्व हक्क कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे हौशी संस्थेने पैसे न देणाऱ्या प्रेक्षकांपुढे केलेला प्रयोग हक्कभंग धरला जात नाही. पण देणगी प्रवेशिका ठेवलीत तर ती तिकीटच समजा. आणि प्रयोगाचं चित्रीकरण करून यूट्यूबवर टाकणं ही वेगळी गोष्ट आहे, ती या सवलतीत बसत नाही. सोसायटीतल्या कुणा उत्साही तरुणाने ते दुसऱ्या दिवशी टाकलेलं असतं, म्हणून आधीच सांगून ठेवा. कायदा काही म्हणो, लेखकाला किंवा वारसांना एक पत्र पाठवावं असं माझं मत आहे. पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांत परवानगी कुठे मागायची ते छापलेलं असतं. मानधन बहुधा झेपेल इतकं असतं, काही जण ‘गणपतीत करताय ना, करा’ म्हणून सोडूनही देतात. जाहीर प्रयोगाला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे संहिता आधी तपासणाऱ्या सरकारी मंडळाचं, प्रमाणपत्र लागतं. गाजलेल्या नाटकांना ते पूर्वीच मिळालेलं असतं. स्वतः लिहिलेलं करणार असाल तर त्यासाठी वेळ हाताशी ठेवा.

पुढच्या वर्षी सगळ्या वयांची माणसं घेऊन काही गंभीर करावंसं वाटलं तर महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ वाचून ठेवा. घरात दादीपासून परागपर्यंत चार पिढ्या आहेत आणि कुठलंच पात्र भरतीचं नाही. ते कापायचं मात्र नाही. नाट्यगृह घ्या, पूर्ण करा, रीतसर परवानगीने करा. वैदर्भी वळणाची ती भाषा डोंबिवलीत कोण बोलणार याचाही आधी विचार करा. नागपूर-अमरावतीची एखादी वहिनी सोसायटीत सापडतेच, तिला तालमीला बसवा.

आता शाळा. इथे एक घोळ नेहमी होतो. मुलांनी बघायची नाटकं आणि मुलांनी करायची नाटकं या दोन वेगळ्या जाती आहेत. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये लिटल थिएटर काढून मतकरींचं ‘मधुमंजिरी’ केलं, तेव्हापासून आपल्याकडे उत्तम बालनाट्यं झाली. पण त्यातली बरीचशी मोठ्या, कसलेल्या नटांच्या जिवावर उभी आहेत. ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी गाजवली. पाचवीतल्या मुलीला ती द्याल तर ती बिचारी आवाज काढूनच दमेल. शाळेसाठी समूह असलेलं नाटक शोधा. ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेच्या चंद्रशाळा या बालविभागाने सुलभा देशपांडे यांच्या मार्गदर्शनाखाली केलेलं ‘दुर्गा झाली गौरी’ हा त्याचा चांगला नमुना. भरपूर मुलं, नाच-गाणं, आणि प्रत्येकाला काहीतरी करायला. वर्गात चाळीस मुलं असतील आणि नाटकात आठ पात्रं असतील, तर उरलेल्या बत्तीस जणांना झाडं करून उभं करणं हा अन्याय आहे. झाडाला निदान एक ओळ बोलायला आणि एक खोडी काढायला द्या.

वाक्यं लहान हवीत. मुलाचा श्वास जिथे संपतो तिथे वाक्य संपायला हवं. छताला टांगलेल्या माइकवर पाठीमागच्या रांगेतलं कुणाचंही ऐकू येत नाही, म्हणून महत्त्वाचं बोलणारं मूल पुढे येऊन बोलेल अशी रचना असलेली संहिता घ्या. आणि कृपा करून शेवटी एका गुणी मुलीला पुढे आणून पाणी वाचवण्याचं भाषण देऊ नका. व्यासपीठावर मुख्याध्यापक ते करणारच असतात. मुलं घरी मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी जे बोलत असतील ते नाटकात येऊ द्या. पुस्तकी भाषेत अडखळणारा मुलगा घरच्या बोलीत कसा सुटतो ते एकदा बघा.

नववी-दहावीसाठी दिवाकरांच्या नाट्यछटा आहेत. एकाच माणसाचं बोलणं, समोरचा दिसत नाही, पण त्याची उत्तरं आपल्याला कळतात. चार-पाच मिनिटांचा मामला. दिवाकर १९३१ मध्ये गेले, तेव्हा परवानगीचा प्रश्न नाही. ‘पंत मेले-राव चढले’मध्ये एका घरात मरण आणि दुसऱ्या घरात बढतीचा आनंद आहे, ते दोन मुलींना शेजारी-शेजारी उभं करून द्या. तालमीही मधल्या सुट्टीत एकेकीच्या होतात. संमेलनात दरवर्षी कुणीतरी मुलगा ‘नटसम्राट’मधलं स्वगत म्हणतो, मिशी चिकटवून. त्याला यंदा दिवाकर वाचायला द्या. प्रेक्षक पालक आणि शाळेशी संबंधित लोकच असतील तर हक्क चालू असलेल्या नाटकालाही कायद्याने शाळेला सवलत आहे.

ज्येष्ठ नागरिक संघाला मात्र मी सर्वात जास्त वेळ देईन. पहिली गोष्ट, त्यांना ‘संध्याछाया’ सुचवू नका. दळवींचं ते नाटक मोठं आहे, वादच नाही. पण एकटं पडलेलं वृद्ध जोडपं, दूर गेलेली मुलं आणि तो शेवट, हे त्यांनी रोज तालमीत का जगायचं? शिवाय सगळा भार दोन पात्रांवर, म्हणजे पाठांतराचा डोंगर दोघांच्या डोक्यावर आणि संघातले बाकी वीस जण खुर्च्या लावणार. म्हाताऱ्या माणसांना म्हातारपणाचंच नाटक करायला हवं असं कुणी ठरवलं? त्यांना लबाड वकील, प्रेमात पडलेला शेठ, कारस्थानी विहीण करायची असते. देवलांच्या ‘शारदे’तले लग्नाला उतावीळ झालेल्या म्हाताऱ्या भुजंगनाथाचे प्रवेश काढून द्या. त्यातल्या वल्लरीच्या पदात म्हाताऱ्याचं वय ‘पाऊणशे’ म्हणून थट्टा केली आहे, आणि ते खरोखरच्या पाऊणशे वयाच्या आजोबांसमोर त्यांच्याच मैत्रिणी म्हणतात तेव्हा जो हशा येतो तो तरुण नटांना मिळत नाही.

पूर्ण नाटक नको, नाट्यप्रवेश करा. बारा-पंधरा मिनिटांचे तीन प्रवेश, प्रत्येकात वेगळी चार-पाच माणसं. एक जण आजारी पडला तर एक प्रवेश गळतो, कार्यक्रम होतो. त्याच्या जोडीला अभिवाचन किंवा श्रुतिका. आकाशवाणीवर ‘पुन्हा प्रपंच’ या श्रुतिकेतल्या टेकाडे भावजींना ऐकत मोठी झालेली ही पिढी आहे. रेडिओचा स्टुडिओ असल्यासारखे माइक, समोर कागद, बाजूला वाटी-चमचा घेऊन आवाज काढणारे आजोबा, हे बघायलाही मजा येते आणि पाठांतराची भीती जाते.

पाठांतर ठेवायचंच असेल तर संहितेत सारखी वाक्यं कुठे आहेत ते शोधा. समजा ‘चहा टाकू का?’ हे तिसऱ्या पानावर आहे आणि अकराव्या पानावरही. तिसऱ्या पानावर ते कानावर पडलं की बोलणारा अकराव्या पानावरचं उत्तर देऊन मोकळा होतो, आणि मधली आठ पानं गेली. विंगेतला प्रॉम्प्टर काहीही करू शकत नाही. दुसरीकडे ‘कॉफी करते’ असं करून टाका. ऐकू कमी येत असेल तर शब्दाचा क्यू, म्हणजे आता आपण बोलायचं ही खूण, पुरत नाही. समोरच्याने कप खाली ठेवला, उठला, खिडकीकडे वळला, असा डोळ्यांना दिसणारा क्यू द्या. ब्लॅकआऊट अजिबात नको, प्रवेश बदलताना मंद निळा दिवा राहू दे. जमिनीवर बसणं नको, हात असलेल्या खुर्च्या हव्यात. मेकअपच्या खोलीतून स्टेजवर यायला किती पायऱ्या आहेत आणि कठडा आहे का, हे संहिता ठरवण्याआधी जाऊन बघा. पात्राला तीन वेळा कपडे बदलायला लावणारं नाटक तिथेच बाद करा. तालीम सकाळी दहाला किंवा दुपारी चारला घ्या, औषधाच्या आणि नातवंडांना शाळेतून आणायच्या वेळा विचारून.

आता तुमचं पुढचं काम. ‘संशयकल्लोळ’ची प्रत मिळवून तक्ता मांडा, पेन्सिलीने कापा आणि येत्या रविवारी वाचन ठेवा. भूमिका त्या दिवशी वाटू नका. सगळ्यांना सगळं वाचू द्या, पान संपलं की पुढचा माणूस. कोण कुणाशी हसतंय, कोण पान चुकवतंय आणि पुढच्या रविवारी पुन्हा कोण येतंय ते बघून दुसऱ्या वाचनाला भूमिका द्या. आजींच्या प्रती जाड ठशात, कागदाच्या एकाच बाजूला छापा आणि वाक्य पानाच्या तळाशी तुटू देऊ नका. स्टेपल न करता वरच्या डाव्या कोपऱ्यात भोक पाडून दोरा घाला, म्हणजे पोथीसारखी पानं उलटायची सवय त्यांना पहिल्या दिवसापासून होईल.